साठीनंतरची कृतार्थता

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की ती कोणाला उद्देशून म्हटली जाते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पुरुषाच्या बाबतीत ती थट्टेने म्हटली जाते आणि थट्टेतच विरते. कारण त्याच वर्षी त्याची षष्ट्यब्दी साजरी होते, आप्तेष्ट जमतात आणि त्याच्या आयुष्याचा आढावा चार लोकांदेखत घेतला जातो. त्या समारंभात त्याची पत्नी शेजारच्या पाटावर बसलेली असते. तिची स्वतःची साठी केव्हा येऊन गेली हे पुष्कळ घरांतून कोणाला सांगता येत नसे. मागच्या पिढ्यांतील कित्येक बायकांच्या जन्मतारखासुद्धा कोठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. ज्या वर्षाची नोंदच नाही त्या वर्षानंतरच्या आयुष्याला काही स्वतंत्र अर्थ असू शकेल, ही कल्पना अशा घरातून उगवावी कशी?

अशा वेळी आपण जो शब्द वापरतो तो ‘कृतार्थ’. ज्याने आपला अर्थ, म्हणजे आपला हेतू, साधला तो कृतार्थ. पुरुषाच्या बाबतीत हा हेतू त्याच्या कामावरून, त्याने उभारलेल्या संस्थांवरून, त्याच्या ग्रंथांवरून ठरतो. स्त्रीच्या बाबतीत तो आधीच ठरून गेलेला असतो : मुले मार्गाला लागली, नातवंडे मांडीवर खेळली, कुंकू शाबूत राहिले की ती कृतार्थ. यात वाईट काहीच नाही. अशी तृप्ती लाभलेल्या आज्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या तृप्तीविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. पण या सर्व गोष्टी दुसऱ्यांच्या आयुष्यात घडतात, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. साठीच्या सुमारास आणि त्यानंतर आपल्या लेखिकांनी जी पुस्तके लिहिली त्यांतून या शब्दाचा एक दुसरा अर्थ मराठीत तयार झाला आहे. आपल्या समीक्षेने त्याची घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही, असे मला वाटते.

तो दुसरा अर्थ नीट दिसावा म्हणून आधी पहिला अर्थ आपल्या वाङ्मयात किती खोलवर मुरलेला आहे ते पाहू. वार्धक्यावरची आपली दोन गाजलेली नाटके घ्यावीत. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ त्यानंतरच्या काही वर्षांतले. ‘नटसम्राट’मधली कावेरी ही अप्पासाहेब बेलवलकरांहून व्यवहाराने शहाणी आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कुणकुण तिला त्यांच्याआधी लागते. अप्पा तिला ‘सरकार’ म्हणतात, त्या हाकेत प्रेम आहे, आदरही आहे. पण नाटकाच्या मध्यावरच ती मरते आणि तिचे मरण हे अप्पांच्या शोकाचे एक कारण होऊन राहते. चाळीस वर्षे एका नटाचा संसार सांभाळताना या बाईला स्वतःला काय हवे होते, कोणती गोष्ट करायची राहून गेली, हा प्रश्न नाटकात कोणी विचारीत नाही. आणि खरे सांगायचे तर प्रेक्षागृहातही कोणाच्या मनात तो येत नाही. ‘संध्याछाया’तील नानी तर शेवटपर्यंत रंगमंचावर आहेत. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, आणि हे दोन म्हातारे जीव रिकामा वेळ कसाबसा भरून काढीत बसलेले. त्यांच्या एकटेपणाने मराठी प्रेक्षक हेलावून गेला तो उगाच नव्हे. मात्र मुलांच्या वाटेकडे डोळे लावण्यापलीकडे नानींचे असे काही जग असू शकते, ही शक्यताच त्या नाटकाच्या कक्षेत येत नाही. मुले गेली की अर्थ गेला, आणि अर्थ गेला की जगणे संपवावे, असा त्या नाटकाचा कठोर हिशेब आहे.

या दोन्ही नाटकांना मी कमी लेखत नाही. त्यांच्या जागी ती थोर आहेत. परंतु साठीनंतरची स्त्री आपल्याला बहुधा याच दारातून भेटलेली आहे, आणि तिच्या हाती लेखणी आली की काय होते हे पाहण्यासाठी आपल्याला आत्मचरित्रांकडे वळावे लागते.

पहिले नाव अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचा जन्म १८६८ सालचा. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला १९३४ साली, म्हणजे वयाच्या ६६ व्या वर्षी. रेव्हरंड टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. टिळकांच्या चरित्राला साधन म्हणून आईने आठवणी लिहून द्याव्यात, अशी मुलाची, देवदत्त टिळकांची, इच्छा होती. पुस्तकाचे मूळ इथे आहे आणि त्याचे वाङ्मयीन नवलही इथेच आहे. साधन म्हणून जे मागितले होते ते लिहिता लिहिता साध्य झाले. चरित्र टिळकांचे व्हायचे होते, ते दोघांचे झाले, आणि त्यातही सांगणाऱ्या बाईचा आवाज असा काही वरचढ ठरला की टिळकांसारखे वादळी व्यक्तिमत्त्वसुद्धा तिच्या कथेतले एक पात्र होऊन बसले.

हा आवाज साठीनंतरचा आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले वडील, अकराव्या वर्षीचे लग्न, सासर, नवऱ्याचे लहरी स्वभावाने वाटेल तेव्हा घर सोडून जाणे, १८९५ मधले त्याचे धर्मांतर, त्यानंतरचा वियोग, मग पुन्हा त्याच्याकडे जाणे आणि शेवटी स्वतःचे धर्मांतर : यांतली एकेक गोष्ट अशी आहे की तीस वर्षांच्या बाईने ती सांगितली असती तर त्यात आक्रोश आला असता, आणि चाळिसाव्या वर्षी सांगितली असती तर समर्थन आले असते. ६६ व्या वर्षी लक्ष्मीबाई ती हसत सांगतात. त्यांच्या विनोदाची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली. पण हा विनोद स्वभावातून जितका आला तितकाच वयातूनही आला आहे, हे फारसे कोणी म्हटलेले नाही. ख्रिस्ती वस्तीत राहूनही सोवळेओवळे जिवापाड जपणारी तरुण लक्ष्मी त्यांच्यापुढे उभी असते, तेव्हा वृद्ध लक्ष्मीबाई तिला मूर्ख ठरवीत नाहीत. तिच्या भीतीचा त्या मान राखतात आणि तरीही तिच्या धडपडीला हसतात. ज्याला आता काही सिद्ध करायचे उरलेले नाही त्यालाच असे हसता येते.

इथे कोणी म्हणेल की हे स्वातंत्र्य वयाचे नसून वैधव्याचे आहे. नवरा गेल्यावरच आपल्याकडे बाईला बोलता येते. या म्हणण्याचा विचार केला पाहिजे. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती गेले १९०१ साली. म्हणजे हेही वैधव्यातलेच लेखन. पण रमाबाई तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या, आणि त्या सुंदर पुस्तकात बाई स्वतःला सतत मागे सारीत राहतात. न्यायमूर्तींचे मोठेपण वाचकापुढे यावे म्हणून स्वतःच्या चुका, अज्ञान, धांदरटपणा त्या पुढे करतात. दोघींच्या स्वभावांतला फरक मी नाकारीत नाही. दोघींच्या नवऱ्यांतला तर नाहीच नाही. तरी नवऱ्याच्या मृत्यूने बाईची लेखणी आपोआप मोकळी होते, या समजुतीला रमाबाईंच्या पुस्तकाने उत्तर मिळते. त्याहून मोठे उत्तर पुढे सुनीता देशपांडे यांच्या पुस्तकाने दिले, त्याकडे मी येणारच आहे.

‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली कशी, हाही प्रश्न आहे. १९५० साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्याला नाव मिळाले ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून येते’. नाव भक्तिभावाने दिले असेल. पण ज्या पुस्तकात बाई पुढे चालते आहे आणि सबंध काळ तिच्या मागून येतो आहे, त्याचे हे नाव. आपण मराठी वाचकांनी तरी वेगळे काय केले? कित्येक वर्षे या ग्रंथाची किंमत टिळकांच्या आयुष्याविषयीचा पुरावा म्हणूनच केली गेली. ही चूक पुढेही पुन्हा झाली.

मध्ये एक वेगळ्या प्रकारचे पुस्तक येते, त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्यांची बासष्टी जवळ आली होती. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे आत्मचरित्र नव्हे, महाभारताचे चिंतन आहे. त्यातील गांधारीवरचा लेख पुन्हा वाचावा. वनात, वणव्याने सारे संपण्याच्या अगोदर, म्हातारी गांधारी आणि म्हातारा धृतराष्ट्र समोरासमोर येतात, आयुष्यभराचा सल बोलून दाखवला जातो आणि गांधारी डोळ्यांवरची पट्टी सोडते. महाभारतात असे काही नाही. इरावतीबाईंसारख्या संहितेशी काटेकोर राहणाऱ्या पंडितेला हा प्रसंग रचावासा वाटला, हे विचार करण्याजोगे आहे. परंपरेने जिला पतिव्रतेचा कळस मानले, त्या बाईची पट्टी हा राग होता, तो राग आता धरून ठेवण्याचे कारण राहिलेले नाही, आणि आता जग जसे आहे तसे पाहायचे आहे : वार्धक्याचा एवढा प्रौढ अर्थ आपल्या कथाकादंबऱ्यांत मला क्वचित सापडला. या गांधारीचे सर्व मुलगे मेले आहेत. ‘संध्याछाया’च्या हिशेबाने तिच्या आयुष्याला आता अर्थ उरू नये. पण तिची डोळे उघडण्याची घटका त्यानंतरच येते.

सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यांचा जन्म १९२६ सालचा. साठी उलटून चार वर्षे होत आली होती. पु. ल. देशपांडे हयात होते आणि महाराष्ट्राच्या प्रेमाच्या शिखरावर होते. अशा माणसाविषयी त्याच्या पत्नीने, तो शेजारच्या खोलीत असताना, इतक्या निःसंकोचपणे लिहावे हे आपल्याकडे पूर्वी झालेले नव्हते. पुस्तकावर उलटसुलट बोलले गेले ते बहुतेक एकाच मुद्द्यावर : यातले पु. ल. खरे की आपल्या मनातले खरे? म्हणजे पुन्हा तेच. बाई बोलत होती स्वतःविषयी, आणि आपण ऐकत होतो तिच्या नवऱ्याविषयी.

हा गोंगाट बाजूला ठेवून पुस्तक वाचले की दिसते ते एका कठोर मनाचे स्वतःशी चाललेले भांडण. बेचाळीसच्या चळवळीत उडी घेणारी मुलगी, १९४६ साली नोंदणी पद्धतीने, साधेपणाने केलेले लग्न, आणि मग एका अलौकिक पण संसारात मुलासारख्या राहिलेल्या कलावंताचा व्यवहार सांभाळण्यात गेलेली वर्षे. या वर्षांचे आपण काय केले, असे त्या विचारतात. आणि उत्तर देताना नवऱ्याइतक्याच स्वतःवरही तुटून पडतात. आठवणी क्रमाने येत नाहीत, मन जिकडे वळेल तिकडे लेखणी वळते. या रचनेत एक दोष आहे. काही ठिकाणी बाई स्वतःचाच खटला चालवतात आणि निकालही स्वतःच देतात, तेव्हा वाचकाला काही करायला उरत नाही. लक्ष्मीबाईंजवळ असलेले हसू इथे कमी आहे. पण लक्ष्मीबाई ज्याच्याविषयी लिहीत होत्या तो माणूस काळाच्या पलीकडे गेला होता. सुनीताबाईंना तो संध्याकाळी चहाला भेटणार होता. हे ध्यानात घेतले म्हणजे पुस्तकाचा ताण कशातून आला ते समजते, आणि त्याचे धैर्यही.

आतापर्यंत मी घेतलेली उदाहरणे शिकलेल्या, नावाजलेल्या घरांतली आहेत, अशी तक्रार कोणी करील, आणि ती रास्त आहे. ज्या बाईचे आयुष्य पाण्याच्या हंड्यात आणि दुसऱ्याच्या शेतात गेले तिच्या साठीचे काय? या प्रश्नाला उत्तर म्हणून शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुढे ठेवावे. १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या, पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, आणि सेवानिवृत्तीनंतर लिहायला बसल्या. पुस्तक १९८६ सालचे, त्यांच्या ६३ व्या वर्षाचे. दलित स्त्रीचे मराठीतले पहिले आत्मकथन म्हणून त्याचा मान आहे. भूक, अस्पृश्यता, शाळेचा ध्यास, नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहणे, हे सारे छोट्या छोट्या वाक्यांत, बोलीत, कोठेही सूर न चढवता सांगितलेले आहे. सांगणारी बाई कसला निष्कर्षही काढीत नाही. नागर वाचकाला पहिल्या वाचनात हे लेखन तुटक वाटते. पण हा तुटकपणा उपाशी दिवस मोजणाऱ्या माणसाच्या हिशेबाचा आहे. एकेक वाक्य म्हणजे एकेक दिवस.

शांताबाईंच्या पुस्तकाने आणखी एक गोष्ट शिकवली, ती शुद्ध वाङ्मयाच्या चर्चेत आपण विसरतो. हे लेखन निवृत्तीनंतर झाले. म्हणजे त्यामागे आयुष्यभराची स्वतःची नोकरी होती, स्वतःचे निवृत्तिवेतन होते आणि आता सकाळी शाळेची घंटा गाठायची नाही असा मोकळा दिवस होता. साठीनंतरच्या कृतार्थतेविषयी आपण पुष्कळ आध्यात्मिक बोलतो. तिला महिन्याच्या महिन्याला हाती येणारे चार स्वतःचे पैसे लागतात, बसायला जागा लागते आणि कोणी हाक न मारलेले दोन तास लागतात, हे बोलायला मात्र आपल्याला संकोच वाटतो.

आणि ऐकणारे कोणी लागते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी आयुष्यभर रचले ते घरातल्यांनी टिपून ठेवले म्हणून उरले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली सोपानदेवांच्या आणि अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी छापून आली. त्यांचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. महाराष्ट्राने बहिणाबाईंना डोक्यावर घेतले याचा आपल्याला अभिमान आहे. पण टिपून घेणारा मुलगा ज्यांना लाभला नाही अशा किती जणी आपले सारे घेऊन गेल्या, याचा विचार त्या अभिमानाबरोबर झाला पाहिजे.

संसाराची सारी परिमाणे जिला लावताच येत नाहीत अशा एका स्त्रीचा उल्लेख करून हे विवेचन आवरते घेतो. दुर्गा भागवत अविवाहित राहिल्या. मुलेबाळे, नातवंडे, सौभाग्य या मापांनी त्यांच्या साठीला अर्थच नव्हता. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, आणीबाणी चालू असताना, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, त्यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे सभेला आवाहन केले. वय होते ६५. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले. त्यांच्या ‘ऋतुचक्र’ किंवा ‘पैस’ या पुस्तकांच्या तोडीचे वाङ्मय या घटनेने निर्माण झाले नाही, हे खरे. पण त्या पुस्तकांमागची बाई कोण होती हे महाराष्ट्राला त्या दिवशी कळले. गमावण्याजोगे ज्याच्याजवळ फारसे उरलेले नाही त्याने निर्भय व्हावे, ही म्हातारपणाची एक देणगी आहे. पुष्कळांना ती मिळते आणि फार थोडे ती वापरतात.

या सर्व लेखिकांत समान काय? समाधान म्हणावे तर ते सर्वांत नाही. लक्ष्मीबाई हसतात, सुनीताबाई भांडतात, शांताबाई मोजतात, इरावतीबाईंची गांधारी डोळे उघडते, दुर्गाबाई उभ्या राहतात. शांत, तृप्त, तुळशीपाशी वाती वळीत बसलेली आजी यांपैकी कोणीच नाही. समान एवढेच की आपल्या आयुष्याचा अर्थ काय होता हे ठरवण्याचे काम यांनी दुसऱ्याच्या हाती ठेवलेले नाही. मुलाने, नवऱ्याने, समाजाने लावलेला अर्थ त्यांनी ऐकून घेतला आणि मग स्वतःचा मांडला. साठीपूर्वी हे जमत नाही असे नव्हे. पण साठीनंतर त्यासाठी लागणारे अंतर मिळते, आणि पुढे फार वेळ नाही ही जाणीवही मिळते. दोन्ही मिळून जी निकड तयार होते तिच्यातून ही पुस्तके आली. कृतार्थतेचा दुसरा अर्थ तो हाच.

प्रत्येक वृद्धेने आत्मचरित्र लिहावे असे मला म्हणायचे नाही. तशी साथ आली तर वाचकाची धडगत नाही. वाती वळणारी आजीही आपला अर्थ आपणच लावून बसलेली असू शकेल. आपण तिला विचारले आहे का, एवढाच प्रश्न आहे. आपल्या समीक्षेपुरते बोलायचे तर तिने दोन गोष्टी केल्या पाहिजेत. ही पुस्तके थोर पुरुषांच्या चरित्राची साधने म्हणून वाचणे सोडले पाहिजे, आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्यांना त्यांच्या भाषेसाठी, त्यांच्या रचनेसाठी, त्यांच्या दोषांसकट जागा दिली पाहिजे. कादंबरीकाराकडे आणि नाटककाराकडे तर मागणे त्याहून मोठे आहे. लक्ष्मीबाई आणि सुनीताबाई यांनी आपापले लिहून ठेवले. कावेरीचे मात्र अजून लिहून व्हायचे आहे.